फुलवंताबाईंचा खांदा

गेल्या महिन्यात वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढताना माझा डावा हात अर्ध्यावर अडला आणि खांद्यातून अशी कळ आली की डबा तिथेच सोडून मी खाली बसले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायामाचा कागद दिला आणि म्हणाले, "घाई करू नका, वर्षभरही लागेल." त्या कागदात मला नवीन काहीच नव्हतं. असाच एक कागद मी पूर्वी मुर्रीच्या एका स्वयंपाकघरात बसून दुसऱ्या एका बाईंना वाचून दाखवला होता. हल्ली रोज संध्याकाळी भिंतीसमोर उभी राहते तेव्हा मला मनापासून कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की फुलवंताबाई आठवतात.

मी तेव्हा गोंदियाला एका शाळेत शिकवत होते. शहरातली कलकल नको म्हणून शहराला लागूनच असलेल्या मुर्रीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्या फुलवंताबाईंच्या घरातल्या पुढच्या खोल्या. मागे त्या आणि त्यांचे यजमान देवाजी. एकुलती मुलगी लग्न होऊन बालाघाटला गेलेली. घराच्या उरलेल्या भागात देवाजींचे थोरले भाऊ राहत, म्हणजे फुलवंताबाईंचे भासरे. त्यांनी उभं आयुष्य राइस मिलच्या मशिनींवर काढलं होतं, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रायपूरला. दोन भावांच्या मधे अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत होती आणि पुढची ओसरी मात्र दोघांची एकच.

फुलवंताबाई चणीने लहान, पण त्यांच्या हाताला उसंत नव्हती. कोणी काम करताना दिसलं की त्यांना राहवत नसे. मी माझ्याच खोलीत झाडू मारायला घेतला तरी त्या येऊन झाडू काढून घेत आणि वर ऐकवत, "मॅडम, तुमी पोरायले शिकवा. झाडणं तुमच्या पुस्तकात नाई." जेवायच्या उभ्याने, चुलीला टेकून. बसा म्हटलं तर म्हणायच्या, "बसली का उठाले जीवावर येते." माणसांची त्यांची पारख एकच होती, रोवण्यात कोण किती भराभर मागे सरकतं. चिखलात वाकून, उलटं चालत धानाची रोपं लावण्यात त्यांचा हात गावात कोणी धरत नसे. माझी एक सहकारी शिक्षिका घरी आली होती, ती गेल्यावर फुलवंताबाईंनी तिची परीक्षा दोन शब्दांत संपवली, "मागं राहीन."

त्या घरची एक रीत मला सुरुवातीला कळलीच नव्हती. फुलवंताबाई आणि मिस्त्री एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं. भासऱ्यांपुढे भावसुनेने बोलायचं नाही, डोक्यावर पदर असल्याशिवाय जायचं नाही आणि त्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, ही रीत. एकतीस वर्षं त्यांनी ती पाळली होती. मिस्त्रींचं जेवण देवाजी घेऊन जात. पण दुपारी चारला देवाजी शेतावर असत, तेव्हाचा चहा फुलवंताबाई नेत. चहा झाला की त्या मधल्या भिंतीवर हातातल्या बांगड्या वाजवायच्या. पलीकडे मिस्त्री उठायचे, ओसरीवर येऊन खाकरायचे. त्या कप ओसरीच्या टोकाला ठेवून पदर सावरत मागे सरायच्या. चहा संपला की ते कप पालथा घालायचे. एवढाच काय तो दोघांचा संवाद. मला आधी ते हास्यास्पद वाटलं. वर्षभर रोज पाहिल्यावर वाटेनासं झालं, कारण चारच्या चहात त्या माणसाची आख्खी दुपार होती.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, उरकली, धान घरात आलं आणि फुलवंताबाईंचा उजवा खांदा धरला. शुगर होतीच त्यांना. आधी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नंतर एका मालिशवालीने तेल लावून हात असा काही ओढला की दोन दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. शेवटी देवाजी त्यांना गोंदियाच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. येताना त्यांच्या हातात एक इंग्रजी कागद होता आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाचा राग.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"म्हणे, खांदा जाम झाला. मले का समजत नाई? त्याच्यासाठी डॉक्टर होऊन राहिले?"

त्या दिवसापासून त्या खांद्याला जावई म्हणू लागल्या. "जावई येऊन बसला हाये, मॅडम. गोड बोललं तं बसते, काम सांगतलं तं रुसते. अन् जायचं नाव घेत नाई."

आम्ही हसायचो, पण हाल खरे होते. ब्लाउजच्या बाहीत हात जाईना, म्हणून त्या घरात मुलीचा जुना गाऊन घालू लागल्या. दोन्ही हात डोक्यामागे गेल्याशिवाय जुडा बांधता येत नाही, त्यामुळे केस मोकळे. आणि मोकळे केस घेऊन, गाऊन घालून भासऱ्यांपुढे जाणार कसं? चारचा चहा बंद झाला. देवाजी शेतावरून परतल्यावर कधी सहाला, कधी सातला भावाला चहा नेऊन देत. कधी विसरतही.

मी म्हटलं, "मी बांधून देते ना केस रोज." त्यांनी फक्त रविवारी बांधू दिले. तो जुडाही सोमवारी दुपारपर्यंत सुटायचा. रोज कोणाच्या पुढे मान वाकवून बसायचं हे त्यांना झेपणारं नव्हतं. "दुसऱ्याच्या हातानं इंचरून घेतलं का मी म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. देवाजींना तर हे सुचणंही शक्य नव्हतं. ते बैलाची शिंगं प्रेमाने रंगवतील, पण बायकोच्या केसात फणी घालणार नाहीत.

एका दुपारी मी कागद वाचून दाखवला. वाकून हात सैल सोडायचा आणि विहिरीत बादली हलते तसा हलवायचा. पाठीमागून टॉवेल धरून चांगल्या हाताने हळू वर ओढायचा. पडून काठी दोन्ही हातांत धरून डोक्याकडे न्यायची. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटं एकेक करत वर चढवायची, दुखू लागेल तिथे थांबायचं. शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं, जोर लावू नका.

"जोर लावायचा नाई तं व्यायाम कायचा?" त्यांनी विचारलं.

त्यांचं आयुष्य जोरावर गेलेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाच दिवसांचं काम एका दिवसात उरकायचं ठरवलं आणि खांदा सुजवून घेतला. मी रागावले तेव्हा त्या नुसत्या चुलीपुढे बसून राहिल्या, बसल्या बसल्याच जेवल्या. तेव्हा पहिल्यांदा मला त्या थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या वर्षांत भासऱ्यांचा चहा चुकला नव्हता. त्यायले का वाटत असन?"

मी म्हटलं, "देवाजी सांगतील ना त्यांना."

"बायकोचं दुखणं मोठ्या भावाजवळ कोणी सांगते का?" त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडेही बोट रोखलं, "तुमीही सांगू नोका." त्यांना एवढंच हवं होतं, आपल्या हाताने जुडा बांधायचा, पदर घ्यायचा आणि चहा नेऊन ठेवायचा. डॉक्टरांच्या कागदात हे उद्दिष्ट नव्हतं, पण त्यांचं तेवढंच होतं.

मग त्या शहाण्यासारख्या हळू करू लागल्या. रोज चारच्या सुमारास, पूर्वीच्या चहाच्या वेळेलाच, कारण तेव्हा हात रिकामे असायचे आणि मन खात राहायचं. घरात मोकळी भिंत एकच, मधली. त्या तिच्यासमोर उभ्या राहून बोटं चढवत, हनुवटीपर्यंत, मग थांबत, मग खाली. स्वयंपाकातली हळद बोटांना असायची, त्यामुळे पांढऱ्या चुन्यावर पिवळ्या ठिपक्यांची एक वेडीवाकडी ओळ उमटली होती. आठवडेच्या आठवडे ती ओळ तिथल्या तिथेच होती.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी ओसरीवर वह्या तपासत होते. आत फुलवंताबाईंचं चालू होतं. तेवढ्यात मिस्त्री आपल्या दारातून बाहेर आले. धुतलेलं धोतर, विंचरलेले केस. ओसरीच्या टोकापर्यंत आले, खाकरले, उभे राहिले. थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं आणि परत आत गेले. मला वाटलं, वारा घ्यायला आले असतील. शाळेला सुट्ट्या लागल्यावर दुपारी मी घरीच होते. तेव्हा कळलं की ते रोज येतात, चार वाजता, धुतलेल्या धोतरात.

आणि मग एक दिवस ते माझ्यापाशी थांबले. माझ्याशी ते क्वचितच बोलत.

"मॅडम, एक गोष्ट त्यायले विचारसान का?"

"विचारा ना."

"चहा देणं होत नाई तं नोको देऊ. मी काई म्हणत नाई. दुसऱ्याच्या घरचं किती दिवस खाचं, माणूस जड होतेच. पण रोज भिंत वाजवून बोलवून कायले राहिल्या?"

मग आतून बोटं चढण्याचा आवाज आला आणि त्याबरोबर बांगड्या भिंतीला घासल्याचा. दोन महिने हा माणूस रोज चहाला म्हणून उठत होता, तयार होऊन बाहेर येत होता आणि रिकाम्या ओसरीवरून परत जात होता. आपण ओझं झालो आहोत आणि वरून आपली थट्टाही चालली आहे असं समजत होता, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येत होता. मला रडूच आलं, खरं सांगते. फुलवंताबाईंना दिलेला शब्द मी तिथल्या तिथे मोडला.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"कोणता हात?"

"उजवा."

"कवापासून?"

"पाच महिने झाले."

"देवाजी बोलला नाई," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, "मिलमधी बेअरिंग जाम झालं का नवीन पोरगं हातोडा घेऊन धावे. हातोडा मारला का गेलं ते. तेल द्याचं अन् रोज थोडं फिरवाचं. आज जेवढं फिरलं त्याच्याहून उद्या कणभर जास्त. सांगा त्यायले." भिंत एवढ्या जवळ होती की फुलवंताबाईंना सगळं ऐकू गेलं असणारच, पण रीत म्हणजे रीत. मी आत जाऊन शब्द न् शब्द सांगितला. त्या गाऊनच्या गळ्याशी हात धरून उभ्या होत्या. "माहीत झालं त्यायले," एवढंच म्हणाल्या आणि भांडी घासायला घेतली. मला बोल लावला नाही.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांची बोटं हनुवटीपर्यंत चढली आणि थांबली. तेव्हा पलीकडून काठीचा टोला आला. ठक. जिथे बोटं होती त्याच्या दोन बोटं वर. फुलवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. पुन्हा ठक, तिथेच. त्यांनी दात आवळले आणि एक बोट वर सरकवलं. मग दुसरं. बांगडी वाजली तसा टोला थांबला.

त्यानंतर रोज हेच. मिस्त्री कान लावून असत. बोटं कुठे अडली हे त्यांना बरोबर कळायचं, आणि काठी नेहमी जरा वर लागायची, पण कधी फार वर नाही. एखाद्या दिवशी दुखणं जास्त असलं आणि बोटं खालीच राहिली, तर काठीही खाली यायची. मला हे पाहून बरं वाटायचं आणि दमायलाही व्हायचं. कारण बाकी काही फारसं बदलत नव्हतं. रात्री कुशीवर वळता येत नसे, सकाळी खांदा लाकडासारखा. गरम पाण्याची पिशवी, टॉवेल, काठी, भिंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी, टॉवेल, काठी, भिंत. त्या वर्षी रोवण्याला त्या गेल्या नाहीत. चिखलाने भरलेल्या बायका संध्याकाळी ओसरीवरून जायच्या, थट्टा करायच्या, "फुलवंता, औंदा मागं राहिली का वो?" त्या हसून हात जोडायच्या. आत येऊन म्हणायच्या, "मले वीट आला, मॅडम. खांद्याचा नाई, माया सोताचाच." तेवढ्यात चार वाजायचे आणि त्या उठायच्या.

दिवाळीच्या आसपास बोटं कपाळाच्या वर गेली. थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. अंगात ब्लाउज, नेसूची साडी, केस मागे बांधलेले. जुडा वाकडा होता आणि अर्धे केस बाहेर होते. मी सरळ करायला हात पुढे केला तशा त्या मागे सरल्या. "हात लावू नोका. मी बांधली." त्या दुपारी भिंतीवर बांगड्या वाजल्या त्या व्यायामाच्या नव्हत्या. मिस्त्री बाहेर आले, खाकरले. कप टोकाला ठेवला गेला. त्यांनी चहा प्यायला, कप पालथा घातला आणि आत गेले. मला वाटलं, काहीतरी व्हायला हवं होतं. पण काय, ते मलाही सांगता आलं नसतं.

व्यायाम मात्र त्यांनी सोडला नाही. चहाच्या आधी भिंत, पलीकडून काठी. डॉक्टरांनीच सांगितलंय चालू ठेवायला, असं त्या म्हणायच्या. कागदात तसं होतंही.

मार्चमध्ये मिस्त्री न्हाणीत घसरून पडले आणि मांडीचं हाड गेलं. रायपूरचा मुलगा आला, ऑपरेशन झालं, मुलगा परत गेला. मिस्त्रींचं खाटेवरून उठणं बंद झालं. देवाजी त्यांचं सगळं करत, चहाही तेच आत नेत. भिंतीवरचे टोले आता खालून येऊ लागले, खाटेच्या उंचीवरून. काठी वर पोचतच नव्हती. फुलवंताबाई भिंतीपाशी खाली बसून बोटं चढवायच्या, जमिनीपासून.

मे महिन्यात माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी खोलीत सामान बांधत होते. देवाजी सकाळीच सडक अर्जुनीला एका लग्नाला गेले होते, तीनपर्यंत येतो म्हणाले होते. चार वाजले तरी आले नाहीत. दारातून मला ओसरी दिसत होती. फुलवंताबाई चहाचा कप घेऊन आल्या आणि नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. कप टोकाला ठेवला. पण तो उचलायला कोणी येणार नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी कप परत उचलला, मिस्त्रींच्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. चहावर साय धरेपर्यंत त्या तिथे उभ्या होत्या. मी जाऊन कप घेऊ शकले असते. सुचलंही होतं मला, पण मी हलले नाही.

मग त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर नेला. सरळ, पूर्ण, कानाच्याही मागे, कोपर आभाळाकडे. कुठेही न अडता. डोक्यावरचा पदर धरून त्यांनी तो कपाळाच्या खाली, नाकापर्यंत ओढला, आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

आत कप ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्रींचा आवाज, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा थेट त्यांना.

"हात बरा झाला का?"

फुलवंताबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"नाई जी," त्या म्हणाल्या, "अजून लय दिवस लागतीन."

"मंग ठोकत जाईन मी," मिस्त्री म्हणाले.